गोठ्यातली राजदूत

वर्धा जिल्ह्यात फिरताना गोठ्याकडे नजर टाकावी. आर्वीच्या बाजूला, आंजी-खरांगण्याकडे किंवा देवळीकडे, कुठेतरी कडब्याच्या पेंढ्यांआड एखादी जुनी मोटारसायकल टेकलेली दिसते. बहुतेक वेळा ती राजदूत असते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ गाडीच्या धर्तीवर ती काढली. १७३ सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन, जाड पत्रा. दुधाचे कॅन, कापसाचे गाठोडे, मागे बायको आणि टाकीवर पोरगे, सगळे ओढायची. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात नायक-नायिका ज्या छोट्या गाडीवर फिरले तीही राजदूतच, पण आपल्या गावाकडची ती नव्हे. आपली होती शाळामास्तरांची, ग्रामसेवकांची, दूधवाल्यांची.

आम्हाला अशीच एक आर्वी तालुक्यातल्या एका गावी मिळाली. मालक जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, वारले त्याला अकरा वर्षे झालेली. तेव्हापासून गाडी गोठ्यात. मुलाने भंगारवाल्याशी बोलणे केले होते, किलोच्या भावाने. आईंचा जीव मात्र तुटत होता. त्या म्हणाल्या, “चालू होत असन तं न्या बाप्पा. तुकडे नोका करू तिचे.”

नऊ हजारांवर सौदा ठरला. मुलगा म्हणाला, “सही मी करून देतो, झालं.” आम्ही कारकून माणूस, कागदाशिवाय पुढे पाऊल टाकत नाही. आधी आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर घासून पाहिला, जुळला. पण बुक मयत माणसाच्या नावावर. असे वाहन मुलगा परस्पर विकू शकत नाही. मृत्यूचा दाखला जोडून फॉर्म ३१ भरावा लागतो, गाडी आधी वारसाच्या नावावर होते, मग फॉर्म २९ आणि ३० भरून घेणाऱ्याच्या. आणि वारस एकटा मुलगा नव्हता. सेलू तालुक्यात दिलेली एक लेक होती. तिचे नाव कोणी काढलेच नव्हते.

आम्ही विचारले, तेव्हा ओसरीवर थोडी शांतता झाली. “तिचं काय काम?” मुलगा म्हणाला. वाचक बंधू-भगिनींनो, १९५६ चा वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात बायको, मुलगा, मुलगी यांचा हिस्सा सारखा आहे. शेताच्या वेळी हे सांगितले की घरात भांडण पेटते, म्हणून पुष्कळ लेकी गप्प बसतात. इथे बाब नऊ हजारांची होती. आम्ही म्हटले, तिची संमती आली तरच गाडी घेऊ. भंगारवाला दारात उभाच होता, सौदा मोडला असता. शेवटी आईंनीच लेकीला फोन लावला. गाडी आईंच्या नावावर करायची आणि पैशाचे तीन वाटे करायचे, असे ठरले.

दुसरी अडचण अशी की नोंदणीची मुदत संपलेली. पंधरा वर्षांनी गाडी बादच होते असा आपल्याकडे समज आहे, तो खरा नाही. तपासणीत ठीक निघाली तर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते, पर्यावरण कर भरावा लागतो. पण तपासणीला गाडी चालू पाहिजे. म्हणजे आपल्या नावावर नसलेल्या गाडीवर आधी खर्च करा! स्टँप पेपरवर तिघांकडून लिहून घेतले आणि गाडी टेम्पोत घालून वर्ध्याला आणली.

मिस्त्रींनी पहिली ताकीद दिली, “किक मारू नका भाऊ.” पिस्टन जाम झालेला. जोर केला तर रिंगा तुटतात. प्लग काढून त्या भोकातून डिझेल सोडले, चार दिवस मुरू दिले. मग गिअर टाकून मागचे चाक हळूहळू मागेपुढे हलवले. पाचव्या दिवशी पिस्टन सुटला, पण सिलिंडरला गंज खाऊन गेला होता, बोअर करावाच लागला. टाकीत चिंचेचे पाणी आणि बारीक गिट्टी घालून आमच्या पोरांनी ती तासभर हलवली. तांबडा राडा निघाला. सायलेन्सरमध्ये उंदरांचे घर. वायरिंगही त्यांनीच कुरतडलेले. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूला भेगा, म्हणून दोन्ही बदलले.

सगळ्यात महत्त्वाचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमध्ये ओढली जाते. वाळलेल्या सीलमधून हवा शिरली की इंजिन तापते आणि नवा पिस्टनही धरतो. पाहणाऱ्याला रंग दिसतो, सील दिसत नाही. रंग आम्ही दिलाच नाही.

हिशेब असा: बोअर, पिस्टन, रिंगा २,४०० रुपये, सील आणि क्लच प्लेट १,१००, टायर-ट्यूब ३,२००, वायरिंग, पॉइंट, कंडेन्सर १,३००, मजुरी ४,०००. एकूण १२,०००. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. घरून बोलणी बसली ती वेगळी. कमी पैशात हौस होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

तपासणी झाली, विमा झाला, कागद नावावर आले. पहिला मोठा फेरा आम्ही सेलूकडे काढला. लेकीचे तीन हजार भावाने आमच्याजवळ दिले होते. पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळून निघालो. पवनारला धामच्या पुलावर थांबून इंजिन थंड केले. जुन्या वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अभ्यासक मानतात. जवळून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. आमची चाळीसच्या वेगाची गाडी तिथे नसलेलीच बरी. सेलूहून हिंगणीकडे वळल्यावर कपाशी, तूर, आणि पुढे बोर धरणाकडचे साग. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी आहे.

लेकीचे गाव याच वाटेवर. गाडीचा फटफट आवाज ऐकून ती अंगणात आली. नवा टायर, नवी सीट तिने पाहिली नाही. हँडलच्या डाव्या मुठीजवळ एक पोचा आहे, त्यावर बोट ठेवून म्हणाली, “हा माझ्यापाई पडला. बाबा शिकवत होते.” मग आत जाऊन चष्मा आणला, पैसे मोजले आणि पावतीवर सही केली. चहा झाल्यावर तिने विचारले, “धरणापर्यंत जाऊन येऊ का? मी चालवते.”

लायसन्स आहे का, एवढेच आम्ही विचारले. होते.