प्रयोगशाळेतला कांदा

कांदा आमच्या स्वयंपाकघरात कधी आला नाही. तो मला भेटला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळे फुटली की त्यांची टोके कापायची, रंगवायची, काचपट्टीवर दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था दाखवायच्या, हे मी तीस वर्षे केले. (तेवढ्यासाठीही आई घरी आल्यावर मला दोनदा हात धुवायला लावी.)

गेल्या चातुर्मासात आईला मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, असल्याचे निदान झाले. बोर्टेझोमिबची इंजेक्शने सुरू झाली. भेटीला आलेले एक आप्त कळवळ्याने म्हणाले, "कांद्यातले क्वेर्सेटिन कर्करोगाच्या पेशी वाढू देत नाही. औषध म्हणून घ्यायला काय हरकत?" आईने फक्त माझ्याकडे पाहिले. नियम तिचा होता. पण उत्तर मला द्यायचे होते.

त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. क्वेर्सेटिन हे फ्लॅव्होनॉइड कांद्यात विपुल असते. विभाजनापूर्वी पेशीला काही नाके ओलांडावे लागतात आणि सायक्लिन व त्यांच्या साथीने काम करणारी कायनेज विकरे ते नाके उघडतात. या नियंत्रणाच्या शोधासाठीच हार्टवेल, हंट आणि नर्स यांना 2001 चे नोबेल मिळाले. प्रयोगशाळेत वाढविलेल्या अनेक कर्करोगपेशींवर क्वेर्सेटिन घातले की पेशी नाक्यावरच अडते, पुष्कळदा स्वतःला संपविते.

मात्र बशीतल्या पेशींना त्यासाठी बहुधा दहा ते शंभर मायक्रोमोलर क्वेर्सेटिन लागते. जेवणातून रक्तात ते एक मायक्रोमोलरपर्यंतही क्वचितच पोहोचते, आणि तेही आतड्याने व यकृताने रूप पालटलेले.

पुढचे वाचून मी अधिक सावध झाले. ग्रीन टीमधील ईजीसीजी हे फ्लॅव्होनॉइड बोर्टेझोमिबलाच चिकटून त्याचा प्रभाव घालविते, असे 2009 मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसून आले. क्वेर्सेटिनबाबतही प्रयोगशाळेत तसे संकेत मिळाले आहेत. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, रोजचे जेवण चालू द्या. ग्रीन टी आणि अर्काच्या गोळ्या नकोत.

यात आमच्या नियमाचा विजय झाला, असे मी मानत नाही. आम्ही खातो त्या सफरचंदातही क्वेर्सेटिन असतेच, आणि ताटातल्या कांद्याने इंजेक्शन निकामी होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. विज्ञानाला आपल्या बाजूचा साक्षीदार करण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच असतो.

हे सारे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, "म्हणजे मी कांदा खाल्ला नाही म्हणून हे दुखणे आले, असे नाही ना?"

"नाही, आई."

"तेवढेच विचारायचे होते गं." तिने खिडकीकडे पाहिले. सूर्यास्ताला तासभर अवकाश होता. मी मुगाची खिचडी वाढायला उठले.