बोटीचा टप

इंग्लंडच्या कालव्यांवरच्या अरुंद बोटी बघायला येणारा माणूस काठावर उभा राहतो, आणि काठावरून दिसतात त्या बोटीच्या बाजू. हिरवे-लाल पट्टे, ठसठशीत अक्षरांतलं नाव, दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. टपाकडे कुणी बघत नाही. अपवाद दोनच: पुलावरून ओणवून बघणारा वाटसरू आणि मागच्या टोकाला सुकाणू धरून उभा असलेला मालक. मालकाला तर दिवसभर दुसरं फारसं दिसतच नाही. ताशी चार मैलांपेक्षा जोरात जायची परवानगी नाही. समोर चाळीसेक फूट पोलादी पत्रा पसरलेला, आणि त्यावरचा एकूणएक फोड त्याच्या ओळखीचा झालेला.

या बोटींची रुंदी अठराव्या शतकातच ठरून गेली. जेम्स ब्रिंडलीने मध्य इंग्लंडातले कालवे आखले तेव्हा बोटींना चढ-उतार करवणारी लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवली. त्यामुळे बोट आजही सहा फूट दहा इंचांची. संसार वाढला की तो आडवा पसरू शकत नाही, वर चढतो. कोळशाची पोती, सरपण, सायकल, सौर पॅनेल, लांब काठी, काठावर उतरायची फळी आणि हौसेने लावलेल्या जिरेनियमच्या कुंड्या. गंजाला असलीच जागा हवी असते. कुंडीखालची ओल दिवसेंदिवस सुकत नाही. कडेच्या दांडीच्या वेल्डिंगपाशी पावसाचं पाणी तुंबतं. हवेसाठी बसवलेल्या पितळी छत्र्यांच्या बुडाशी आणि धुराड्याच्या गळ्याशीही तेच.

फोड छोटा दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबला की फुटतो, तपकिरी पाण्याचा थेंब येतो आणि खाली काळपट पापुद्र्यांची चळत निघते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणून रंग वर उचलला जातो. सहसा तळाचा पत्रा दहा मिलिमीटर जाडीचा, बाजू सहाच्या; टपाच्या वाट्याला चारच येतात. तेव्हा त्या पापुद्र्यांकडे काणाडोळा करून वरून नवा हात मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, आणि इथे पाणी अगदी हाताशी आहे.

मग खरवडणं आलं. पत्री, ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कानांत बोळे, तोंडाला मास्क. धूळ कालव्यात जाऊ नये म्हणून बाजूला ताडपत्री. वरचा राखाडी निघतो, खाली मरून, त्याखाली बाटलीसारखा हिरवा: आधीच्या मालकांच्या आवडीनिवडी उलट्या क्रमाने भेटत जातात. तळाशी कधीकधी पत्र्याची निळसर-काळी कातडी लागते. पोलाद तापवून लाटताना धरलेली ही कातडी घट्ट भासते, पण सुटते तेव्हा वरचा सगळा रंग घेऊन सुटते. ती ठेवायची नाही.

उघडं पोलाद रात्रभर राहिलं तर सकाळी त्यावर नारिंगी झाक आलेली असते. म्हणून शहाणा माणूस अख्खा टप एकदम सोलत नाही. सकाळी जेवढा भाग सोलला तेवढ्यावर दुपारी प्रायमर. जुन्या पद्धतीचा प्रायमर म्हणजे आपल्याकडे खिडकीच्या गजांना लावतात तोच रेड ऑक्साइड. गंमत अशी की त्यातला लाल रंगही लोहाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ. फक्त हा निमूट पडून राहतो.

रंगाची खरी भांडणं हवेशी होतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असावं, असा रंगवाल्यांचा दंडक आहे. कालव्यावर तो पाळणं सोपं नाही. सकाळी दहापर्यंत टप ओला, दुपारी तापून ब्रशखालीच रंग सुकवणारा, आणि चारनंतर लावलेल्या ग्लॉसची चकाकी रात्रीचं दव खाऊन टाकतं. हातात उरतात ते मधले दोन-तीन तास. त्यात दोघं हवीत: एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने मागोमाग ब्रशने सपाट करत यायचं, ओली कड सुकू न देता. चिलटं येतातच. ओल्या रंगातून त्यांना काढू नये. सुकल्यावर झटकली की जातात.

चालायच्या भागावर ओल्या रंगात कोरडी बारीक वाळू चाळणीने पेरतात. सुकल्यावर सुटी वाळू झाडून वरून पुन्हा हात, म्हणजे पावसात लॉकच्या काठावरून टपावर पाय टाकणारा घसरत नाही.

रंग कुठला, यावर मात्र एकमत होणार नाही. परंपरेचा मान लालसर गेरूला, पण ती परंपरा लाकडी बोटींच्या काळातली. ऑक्सफर्ड कालव्यावर बॅनबरीला १७९० पासूनची टूलीज गोदी आहे. लेखक एल. टी. सी. रोल्ट यांची ‘क्रेसी’ ही बोट १९३९ साली तिथेच राहण्याजोगी झाली; तिच्यावरच्या प्रवासाचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली आलं आणि विसरलेल्या कालव्यांकडे लोक पुन्हा वळले. पण क्रेसीही लाकडीच होती. पोलादाचं गणित वेगळं: बारा मीटरचा टप चाळीस अंशांच्या फरकाने जवळपास सहा मिलिमीटर लांबतो, आणि रंगालाही त्याच्यासोबत ताणलं जावं लागतं. गडद टप जास्त तापतो, जास्त लांबतो. फिकट क्रीम मिळमिळीत दिसतो म्हणणाऱ्यांनी जुलैतल्या दुपारी गडद टपाखाली झोपून दाखवावं.

काम आटोपलं की कुंड्या परत चढतात, यावेळी लाकडी पट्ट्यांवर, खालून वारा खेळेल अशा. सुकाणूपाशी उभ्या मालकाला आता नव्या क्रीमला टेकलेली जुनी लाल दांडी फारच विटलेली दिसू लागते, आणि दांडीखालच्या बाजू तर त्याहून. पण सप्टेंबर लागलेला असतो, दव लवकर पडतं. बाजूंचा रंग आता मे महिन्यात.