मॉर्फीने सोडलेलं प्यादं

१८५८ साली पॅरिसमध्ये, ऑपेरा चालू असताना, पॉल मॉर्फी एका बाजूला आणि ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इसूआर मिळून दुसऱ्या बाजूला, असा डाव झाला. सोळाव्या खेळीला मॉर्फीने वजीर दिला, सतराव्याला मात केली. बुद्धिबळ शिकवणारे हाच शेवट दाखवतात. मॉर्फीसारखा खेळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतल्यापासून मी मात्र आठव्या खेळीपाशीच घुटमळतो आहे.

तिथे मॉर्फीच्या वजिरासमोर बी-७ वरचं प्यादं उघडं पडलं होतं. ते घेतलं असतं तर काळ्याने वजिराने शह दिला असता, वजिरावजिरी झाली असती आणि एका प्याद्याच्या आघाडीवर डाव सावकाश जिंकता आला असता. मॉर्फीने प्यादं सोडलं आणि घोडा बाहेर काढला.

प्यादं एक, घोडा-उंट तीन, हत्ती पाच, वजीर नऊ हा जुना हिशेब. मोहरे बाहेर काढण्याला जादा गुण दिले की प्रोग्रॅमही तो घोडा काढतो, पण मग जिथे मॉर्फीने निमूट प्यादं उचललं असतं तिथेही सोडत सुटतो. पेत्रोस्यान या दुसऱ्या खेळाडूचंही तेच. १९५३ साली झ्युरिकला रेशेव्हस्कीविरुद्ध त्याने हत्ती उंटाच्या तोंडी दिला, कारण त्याला घोडा डी-५ वर ठाण मांडून बसवायचा होता. डाव बरोबरीत सुटला. पेत्रोस्यानला हत्ती स्वस्त वाटत नव्हता. ते एक घर फार मोलाचं वाटत होतं. हे आकड्यात कसं घालायचं?

दुसरी वाट डाव दाखवून शिकवण्याची. २०२० साली आलेला ‘माया’ हा प्रोग्रॅम लीचेस या संकेतस्थळावरच्या लाखो डावांवरून माणसांसारखं, त्यांच्या चुकांसकट खेळायला शिकला. मॉर्फीचे डाव मात्र काहीशेच. त्यांतही कित्येक, आपला एखादा मोहरा आधीच पटावरून उतरवून कच्च्या खेळाडूंशी खेळलेले.

आणि मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. मॉर्फीची शैली एकट्या मॉर्फीत नाहीच. बिनचूक बचाव करणाऱ्या इंजिनापुढे त्याला बसवलं, तर तो वजीर देण्याची वेळच येणार नाही. म्हणून आता मी त्याचा प्रतिस्पर्धीही लिहायला घेतला आहे: फिलिडोर बचाव खेळणारा, तिसऱ्याच खेळीला उंटाने घोडा जखडणारा, हल्ल्याला घाबरून मागे न सरणारा. त्याच्या चुका मुद्दाम पेरलेल्या नकोत, त्याला त्या खेळी मनापासून चांगल्या वाटायला हव्यात. मॉर्फीपेक्षा हाच अवघड जातो आहे.