चौतीस नंबरचं देणं

ज्या माणसाशी आयुष्यात एक शब्दही बोलले नाही, त्याचं माझ्या घरावर ऋण आहे. त्याचं नाव वॉल्टर पेटन. शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रनिंग बॅक, पाठीवर नंबर 34. तो 1999 साली गेला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.

लग्नानंतर मी शिकागोच्या उपनगरात राहायला आले, ते पेटनचे दिवस होते. रविवारी दुपारी अख्खी गल्ली टीव्हीसमोर. मला तो खेळ म्हणजे हेल्मेट घालून केलेली ढकलाढकली वाटायची. हे सांगलीकडचे, शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलेले. त्यांनीच एकदा समजावून सांगितलं, "याच्या पायांकडे बघ. चढाई करणाऱ्याला सगळ्यांनी धरलं तरी तो मधल्या रेषेकडे हात लांबवतोच ना, तसा हा पडता पडताही एक यार्ड पुढे जातो." तेव्हापासून मी बॉल सोडून 34 नंबरकडेच बघायला लागले.

रनिंग बॅकने बॉल घेऊन समोरच्या भिंतीत घुसायचं आणि जमतील तेवढे यार्ड काढायचे. अंगावर येणारे दीडपट वजनाचे. म्हणून बरेच जण फटका चुकवायला कडेच्या रेषेबाहेर निघून जातात. पेटन सहसा जायचा नाही. उलट एक हात ताठ पुढे करून अडवणाऱ्यालाच टोला द्यायचा. 'सहजासहजी मरायचं नाही' ही कॉलेजातल्या प्रशिक्षकाची शिकवण त्याने अंगात मुरवली होती. आणि एवढ्या दांडगाईच्या खेळात त्याचं टोपणनाव काय, तर 'स्वीटनेस'! आवाज बारीक, स्वभाव खट्याळ. संघाच्या कार्यालयातले फोन बायकी आवाजात उचलून तो लोकांची फिरकी घ्यायचा, असं त्याचे सहकारी सांगत.

तो मिसिसिपीतल्या कोलंबिया या लहानशा गावचा. तिथे काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्या 1970 मध्ये एकत्र झाल्या. थोरला भाऊ एडी फुटबॉल खेळायचा, त्याच्याशी स्पर्धा नको म्हणून हा आधी बँडमध्ये ड्रम वाजवायचा. मैदानात उशिराच उतरला. पुढे जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात नाव काढलं आणि 1975 मध्ये बेअर्सने त्याला निवडलं. पहिल्या सामन्यात आठ वेळा बॉल हातात आला आणि कमाई झाली शून्य यार्ड! त्याच माणसाने 1977 च्या नोव्हेंबरात, अंगात फ्लू असताना, मिनेसोटाविरुद्ध एका सामन्यात 275 यार्ड काढले. तेवढे तोवर कुणीच काढले नव्हते. 1984 मध्ये त्याने जिम ब्राउनचा 12,312 यार्डांचा विक्रम मोडला आणि निवृत्त झाला तेव्हा खात्यावर 16,726 यार्ड होते. हा आकडा 2002 पर्यंत कुणाला गाठता आला नाही. तेरा हंगामांत त्याचा सामना चुकला तो एकच, तोही पहिल्या वर्षी.

हे सगळं आलं कुठून, ते आमच्या घराजवळच बघायला मिळायचं. आर्लिंग्टन हाइट्समध्ये मातीची एक उभी टेकडी होती. हंगाम संपला की पेटन ती टेकडी पळत चढायचा, उतरायचा, परत चढायचा. त्याच्याबरोबर पळायला आलेले भलेभले निम्म्यातच बसकण मारत म्हणे. आता तिथे गोल्फचं मैदान आहे आणि पेटनच्या नावाची पाटी. यांना ती टेकडी फार आवडायची. मी मात्र एकदाच वर गेले आणि धापा टाकत खाली आले.

जानेवारी 1986 मध्ये बेअर्सने न्यू इंग्लंडला 46-10 असं हरवून सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला. दहा वर्षं संघ पाठीवर वाहणाऱ्या पेटनला त्या सामन्यात एकही टचडाउन मिळाला नाही. शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेऊन ते गुण मिळवायची संधी प्रशिक्षकाने विल्यम पेरी या अगडबंब खेळाडूला दिली. पुढे प्रशिक्षक डिटका यांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली, पण गेलेली वेळ गेली.

पेटनला मी देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या चरित्रात विस्कटलेला संसार, वेदनाशामक गोळ्या, निवृत्तीनंतरचं नैराश्य असं बरंच काही आहे. ते वाचून आमच्या ओळखीतल्या काहींना धक्का बसला. मला नाही बसला. ज्याचं देणं लागतो तो निष्कलंकच असावा, असा हट्ट धरला तर कुणाचंच देणं मानता येणार नाही.

2 फेब्रुवारी 1999. त्या मंगळवारी पेटन पत्रकारांसमोर आला. टेकडी पळत चढणारा हाच का तो, असा प्रश्न पडावा इतका चेहरा ओढलेला. यकृतातल्या पित्तनलिका आकसत जाण्याचा दुर्मिळ आजार, उपाय एकच: यकृताचं प्रत्यारोपण. शेजारी उभ्या मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला. भीती वाटते का, असं कुणीतरी विचारलं, तर वाटते, तुम्हाला नसती वाटली का, असं सरळ म्हणाला. पुढे पित्तनलिकेचा कर्करोग निघाला आणि प्रत्यारोपणाचा मार्गच बंद झाला. स्वतःला काही मिळणार नाही हे कळल्यावरही तो लोकांना अवयवदान करा असं सांगत राहिला. आमच्या इलिनॉय राज्यात चौकशीच्या फोनांचा नुसता पाऊस पडला.

त्या मंगळवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आमटी गार होत होती आणि हे अचानक म्हणाले, "माझं काही झालं तर देऊन टाक सगळं. विचार करत बसू नकोस." मी म्हटलं, "जेवताना काय हे अभद्र!" पण मुलीने विषय सोडला नाही. तिघांनी एकमेकांना विचारलं, एकमेकांना सांगितलं. पुढे लायसन्सच्या नूतनीकरणाला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईने अवयवदानाचा नेहमीचा प्रश्न विचारला आणि आम्ही दोघांनीही हो म्हटलं.

2003 च्या हिवाळ्यात यांना मेंदूत रक्तस्राव झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. यंत्रावर छाती वरखाली होत होती, हात गरम होता. अशा वेळी एक अनोळखी बाई कागद घेऊन समोर बसते आणि अवयव देणार का, असं विचारते. तेव्हा इलिनॉयमध्ये नातेवाइकांची संमती लागत असे; तो कायदा 2006 पासून बदलला. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. मुलगी म्हणाली, "आई, बाबांनी सांगितलंय." मी सही केली. दोन मूत्रपिंडं आणि यकृत कुणाकुणाला मिळालं. कुणाला, ते मी विचारलं नाही.

दुःख त्याने कमी झालं नाही. पण 'बरोबर केलं ना?' या प्रश्नाने माझी एकही रात्र खाल्ली नाही. निर्णय माझा नव्हताच, यांचा होता. आणि तो यांच्या तोंडून वेळेवर वदवून घेतला तो पेटनने. माझ्यावर त्याचं ऋण आहे ते एवढंच.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं: भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 पासून आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. मात्र अवयवदानाचा अर्ज तुम्ही स्वतः भरलेला असला, तरी ऐन वेळी संमती नातेवाइकांचीच घेतली जाते. त्यांना तुमचं मन माहीत नसेल, तर तो कागद कपाटातच राहतो. म्हणून अर्ज भराच, पण त्याआधी घरच्यांना एकत्र बसवून, अभद्र वाटलं तरी, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.