वेस नसलेले शहर

दत्तात्रेयाची निद्रा माहूरला, स्नान काशीला आणि भिक्षा कोल्हापूरला, ही परंपरा आमच्याकडे मुले शाळेत जाण्याआधीच ऐकतात. एका दिवसात एवढी मजल मारणाऱ्या दैवताच्या पायथ्याशी राहूनही माहूरची माणसे स्वतः फारशी हिंडत नाहीत. लोकच आमच्याकडे येतात, रेणुकामातेचे दर्शन घेतात, तांबूल घेतात आणि परततात. गेल्या हिवाळ्यात मात्र मी, पत्नी आणि ऐंशी ओलांडलेले वडील (त्यांना आम्ही नाना म्हणतो) असे तिघे स्वतःच्या गाडीने कन्याकुमारीला निघालो. किनवटवरून आदिलाबाद, तेथून राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि मग सरळ दक्षिण. वाटेतले पहिले मोठे शहर हैदराबाद. ते मी पूर्वी कधीही पाहिलेले नव्हते.

मराठवाड्यातल्या मराठीच्या प्राध्यापकाने हे वाक्य लिहावे, यात काहीतरी चमत्कारिक आहे. पुण्यापेक्षा हैदराबाद आम्हाला जवळ. किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्या वर्षी तो इकडे आला आणि मुधोळ, भैंसा ही नांदेड जिल्ह्यातली गावे तिकडे गेली. म्हणजे आज ओलांडताना जी सीमा आपल्याला अनादी वाटते, तिचे वय नानांपेक्षा कमी आहे. पाट्यांची लिपी बदलते, पण माणसांचे बोलणे पाट्यांइतके आज्ञाधारक नसते. आदिलाबादला चहाच्या टपरीवर आम्ही मराठीत मागितले आणि मराठीतच मिळाले. निर्मळ मागे टाकून सोनच्या पुलावर गोदावरी लागली तेव्हा नानांनी काच खाली करून नाणे टाकले. नांदेडच्या घाटावरून गेलेलेच हे पाणी, असे ते पत्नीला समजावून सांगत होते.

शहरात शिरणे ही आपल्या जुन्या गद्यात एक गंभीर क्रिया असते. लीळाचरित्रातले चक्रधर गावोगाव हिंडतात (एकांकात तर ते थेट ओरंगलपर्यंत जातात), पण मुक्काम पुष्कळदा गावाच्या कडेच्या देवळात असतो. त्या थांबण्याला 'अवस्थान' असा स्वतंत्र शब्द आहे. भागानगरच्या बाबतीत तर आपल्यापाशी सभासदाच्या बखरीतला प्रसंग आहे. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज कुतुबशहाच्या राजधानीत शिरतात. सभासद सांगतो ते असे: महाराज मुहूर्त पाहतात, लष्कराला जरीचा साज चढवतात, शहर शृंगारलेले असते, रस्त्यांवर कुंकुमकेशराचे सडे असतात, स्त्रिया ओवाळतात, सोन्यारुप्याची फुले उधळली जातात. यात प्रत्यक्ष किती आणि बखरकाराच्या लेखणीचे किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला त्यातला क्रम लक्षणीय वाटतो. आधी थांबणे, मग सजणे, मग प्रवेश. पाहुणा आणि शहर दोघेही एकमेकांसाठी तयार होतात. त्यासाठी आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक रेघ लागते. आपल्या भाषेत तिचे नाव वेस.

आम्हाला वेस काही सापडेना. तूपरानपासून मी शहराची वाट पाहत होतो. मेडचल आले, गेले. गोदामे, अभियांत्रिकी महाविद्यालये, लग्नाची मंगल कार्यालये, पुन्हा एखादे मोकळे शेत, पुन्हा इमारती. हैदराबादचा १५९१ सालचा चारमिनार आजही उभा आहे, पण नंतरच्या काळात बांधलेल्या तटाच्या दरवाजांपैकी पुराना पूल आणि दबीरपुरा हे दोनच उरले आहेत, आणि उत्तरेकडून येणाऱ्या मोटारवाल्याला ते वाटेत लागतही नाहीत. त्याला लागतो तो १५८ किलोमीटरचा बाह्य वळणरस्ता. कंडलाकोया येथे फोनमधल्या बाईने अत्यंत निर्विकार आवाजात मला तोच घ्यायला सांगितले. तो घेतला असता तर शमशाबादला बाहेर पडून आम्ही थेट कर्नूलच्या दिशेला लागलो असतो आणि हैदराबाद हे नाव केवळ निळ्या-हिरव्या पाट्यांवर वाचून पुढे गेलो असतो. आजची वेस ही अशी आहे: ती आत घेत नाही, बाजूने काढून देते.

"शहरातून चल," नाना मागून म्हणाले. "माझ्या वडिलांना इथं यायला दोन दिवस लागायचे."

पुढचे दीड तास मी काय पाहिले हे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच: समोरच्या वाहनाची पाठ. कोमपल्ली, बोवनपल्ली, मग सिकंदराबाद. मोटार चालवणारा माणूस अनोळखी शहरात सर्वांत शेवटी पोचतो, असे मला वाटते. पत्नीला हुसेनसागरातला बुद्ध दिसला, मला माझ्या आणि सिटी बसच्या मधून जाऊ पाहणारा स्कूटरवाला दिसला. पायी येणाऱ्याला शहर पायांनी कळते, रेल्वेने येणाऱ्याला फलाटावरच्या वासांनी. आजोबांचे हैदराबाद काचीगुड्याच्या स्थानकावर सुरू होई, कारण मनमाडकडून येणारा छोट्या रुळांचा मार्ग तिथे पोचत असे. मला मात्र मेट्रोच्या खांबांवरचे आकडे तेवढे वाचता येत होते. इथे पत्ते त्या खांबांच्या क्रमांकांवरून सांगतात.

आजोबा जमिनीच्या अपिलासाठी येत. आमच्या घरी त्या काळचे उर्दू कागद आहेत, ते वाचू शकणारे घरात कुणी उरलेले नाही. सत्ता, न्याय, परीक्षा आणि धाक ही सगळी त्या पिढीसाठी याच शहरात राहत होती. उस्मानिया विद्यापीठ इथले. नरहर कुरुंदकर शिकायला इथेच मामांकडे, डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे, राहिले. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या अध्यक्षतेखाली इथे भरले. इथल्या मराठी साहित्य परिषदेचे 'पंचधारा' आपल्यापैकी अनेकांनी ग्रंथालयात चाळले असेल. मग हे शहर माझ्या पिढीला परके कसे झाले? १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते विसरणे हा मुक्तीचाच एक भाग वाटला असणार, आणि ज्यांनी रझाकारांचे दिवस काढले त्यांना त्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार मला नाही. परंतु राजवट जाणे आणि शहर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही पहिलीबरोबर दुसरीही सोडून दिली. आमची विद्यार्थी पोरे पुण्याची पेठ न् पेठ सांगतील. हैदराबाद त्यांना ठाऊक आहे ते बिर्याणी, संगणक आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयापासून 'हैदराबाद गॅझेट' या शब्दांमुळे. आपण कोण, हे सांगणारे दप्तर त्या शहराच्या नावाने ओळखले जावे आणि शहर मात्र अनोळखी असावे!

सुलतान बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत फोनमधल्या बाईचे धैर्य संपले. एकाच चौकात तिने आम्हाला दोनदा उजवीकडे वळवले. शेवटी नानांनी काच खाली केली आणि भांड्यांच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना रस्ता विचारला.

"उधर नक्को जाओ साब, वन-वे है. ये गल्ली पकडके सीदा जाओ, आगेइच मिलता."

वर्गात दखनी भाषेविषयी बोलताना हा 'नक्को' आणि हा शब्दाला चिकटणारा 'च' मराठीतून गेल्याचे मी कित्येक वर्षे सांगत आलो आहे. फळ्यावर ती दोन उदाहरणे होती. इथे एका माणसाने ती मला परत दिली, आणि तीही वाट दाखवण्यासाठी.

"कां से आये?" त्यांनी विचारले.

"माहूर से."

"माहूर? एल्लम्मा का माहूर?"

"होय, तीच," नाना मराठीत म्हणून गेले. गृहस्थ उठून गाडीजवळ आले. त्यांची आई दरवर्षी माहूरला जात असे. घरात तेलुगू, दुकानात दखनी, आणि देवीपुढे म्हणायची एक मराठी आरती, अर्थ न कळता पाठ झालेली. तेलंगणात रेणुका एल्लम्मा आहे, खुद्द या शहरात बल्कमपेटला तिचे मोठे देऊळ आहे, हे मला वाचून माहीत होते. पण सकाळपासून मी जे शहर मला अनोळखी म्हणून ओलांडत होतो, त्याला माझे गाव ओळखीचे असेल हे मात्र मनात आले नव्हते. मागे हॉर्न वाजू लागले. गृहस्थांनी हात वर करून त्या सगळ्यांना थांबवले, नानांना गाडीतूनच नमस्कार करायला लावला आणि सावकाश स्वतःही केला. फुले उधळली गेली नाहीत. मागच्या रिक्षावाल्याने एक शिवी मात्र दिली.

लॉजवर पोचल्यावर नाना बराच वेळ खिडकीशी उभे होते. खालचे बोलणे ऐकत होते. मध्येच एखादा शब्द उचलून मला विचारत, हा आपल्याकडे म्हणतात की नाही? बहुतेक म्हणत होते. रात्री त्यांनी आजोबांच्या अपिलाची गोष्ट पुन्हा सांगितली आणि या वेळी तिच्यात गल्ल्यांची नावे होती, जी आजवर कधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुसी ओलांडून आम्ही दक्षिणेला लागलो. दुपारी कर्नूलमध्ये शिरताना मी फोन हातात घेतला, तेव्हा नानांनी आधीच काच खाली केली होती.