विहिरीतली बुडी, तारकर्लीचा समुद्र

बिदर जिल्ह्यातलं आमचं कोहिनूर समुद्रापासून कितीतरी लांब. पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. तळाची माती मुठीत घेऊन वर येईल तो खरा! त्यासाठी काकांचा एकच मंत्र : श्वास रोखून धर.

मालवणजवळ तारकर्लीला स्कूबा करताना हीच सवय अंगाशी आली. मास्कमध्ये पाणी शिरलं, मी घाबरून श्वास कोंडला आणि वर सुटलो. प्रशिक्षकाने दंड धरून थांबवलं, खुणेने सांगितलं : श्वास सोड.

गणित बोटीवर कळलं. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. कोंडली तर फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत आपण काठावरचीच हवा घेऊन उतरतो, म्हणून तिथे हा धोका नाही.

तेव्हा उथळ पाण्यातच मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायला शिका. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. सर्दी असेल तर उतरूच नका, पैसे गेले तरी चालतील. आणि अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’!

एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या मारल्यास १८ तास विमानप्रवास टाळतात. उंच घाटालाही तोच न्याय. आमच्या वाटेवर आंबोली, सुमारे ७०० मीटर. म्हणून रात्री मालवणातच राहिलो.

काकांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, “श्वास घेतच राहायचं, तर मग ती बुडी कसली?”