पांडवलेण्यांतला रोमन पैसा

रोमन काळ बघायला लोक इटलीला जातात. मी नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर उतरलो आणि पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढू लागलो. दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. निम्म्यावर दम लागतो आणि महामार्गावरच्या ट्रकांचे भोंगे मात्र वरपर्यंत सोबत करतात. पांडवांचा इथे संबंध नावापुरताच. डोंगर त्रिरश्मी, आणि 24 लेणी बहुतेक बौद्ध भिक्खूंची.

दहाव्या लेण्याच्या पडवीत मात्र निवांत थांबावं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिंतीवर चक्क हिशेब कोरून ठेवलाय. गोवर्धनातल्या (गंगापूर रस्त्यावर या नावाचं गाव आजही आहे) कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) त्याने 3,000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले. 2,000 वर दरमहा शेकडा एक, उरलेल्या 1,000 वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण. तिथेच उभ्या उभ्या गुणाकार केला: वर्षाचं व्याज 240, आणि वीस बारे 240. एक नाणं इकडचं तिकडे नाही! वर्षाला बारा टक्के म्हणजे आजच्या मुदत ठेववाल्यांनी हेवा करावा असा दर.

याच लेखात पुढे 70,000 कार्षापणांच्या दानाचा उल्लेख येतो, तोही विनिमयाच्या दरासकट: 35 कार्षापणांना एक सुवर्ण. आता गंमत अशी, की नहपानाची सोन्याची नाणी सापडत नाहीत, सापडतात ती चांदीची आणि तांब्याची. मग हा सुवर्ण आला कुठून? काही अभ्यासकांच्या मते ही रोमन सोन्याची मोहोरच असावी. मला हे पटतं, कारण व्यापाराची दिशा तीच सांगते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या टिपणात नहपानाच्या सत्तेतल्या भडोच बंदरात येणाऱ्या मालाची यादीच आहे: इटलीची दारू, पोवळं, राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि देखण्या मुली. रोमन सोन्याचांदीची नाणी तिथे बदलली तर नफा होतो, हेही तो आवर्जून सांगतो. कल्याणला शिरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही त्यानेच लिहिलंय. तिकडे रोममध्ये प्लिनी हा लेखक कुरकुरत होता, की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स गिळतो.

सतराव्या लेण्यात तर साक्षात एक यवन, म्हणजे ग्रीक, भेटतो. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा राहणारा. लेणं आणि पाण्याची टाकी त्याने आईवडिलांसाठी दान दिली. म्हणजे माणूस ग्रीक, नाव भारतीय आणि धर्म बुद्धाचा. त्याला रोमन म्हणणं मात्र घाईचं ठरेल.

नहपानाचा चेहरा पाहायचा असेल तर नाण्यावरच पाहावा लागतो. त्याच्या चांदीच्या नाण्यावर पाश्चात्त्य नाण्यांसारखं एका बाजूने दिसणारं डोकं आहे आणि भोवती ग्रीक अक्षरं, तीही बरीचशी अशुद्ध. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला अशा नाण्यांचा घडाच मिळाला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला जिंकल्यावर आपला ठसा मारलेला आहे, थेट नहपानाच्या तोंडावर.